इंजिन बदललं, गचके राहिलेच! पंप खोलण्याआधी टाकी बघा

पेट्रोलच्या जुन्या जीपला डिझेलचे इंजिन बसवलेली गाडी ज्याच्या दारात आहे, त्याला हे दुखणे वेगळे सांगायला नको. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. उभ्या उभ्या छान वाजते. पोती भरून रस्त्याला लागली, चढ आला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की एकदम दम सोडते. दोन गचके देते, पुन्हा उचलते, पुन्हा गचका. मालक फिल्टर बदलतो, मग नोझल बदलतो, मग पंप कॅलिब्रेशनला देतो. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी म्हणतो, "इंजिनच भंगार गळ्यात मारलं."

शेतकरी बंधूंनो, थोडे थांबा. इंजिन भंगार असेलही. पण बदललेल्या इंजिनाच्या गाडीत न हटणारा गचका पुष्कळदा इंजिनाच्या पोटात नसतो. तो जुनी गाडी आणि नवे इंजिन जिथे जोडले तिथे असतो. आणि ती जोडणी तपासायला पंपाच्या दुकानाची गरज लागत नाही. एक स्वच्छ कॅन, दोन वाव पारदर्शक नळी, चार पाने आणि अर्धा दिवस एवढ्यावर काम भागते.

हा खटाटोप कुठून आला?

महिंद्राच्या जुन्या जीपला हरिकेन नावाचे सुमारे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन असे. मिनिटाला ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती ही त्याची ताकद. गाडी दणकट, पण तेल पिणारी. त्या काळी डिझेलचा दर सरकारच पेट्रोलच्या बराच खाली ठेवत असे. पेट्रोलचे दर सरकारने २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली बाजारावर सोडले. तोवर दरातला हा फरक मोठा होता, म्हणून लोकांनी पेट्रोल इंजिने उतरवली आणि डिझेलची चढवली. कुणी बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले सुमारे २.३ लिटरचे इंजिन घातले. कुणी प्यूजोच्या रचनेचे २.१ लिटरचे एक्सडीपी घातले. कुणी बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे, मर्सिडीझच्या रचनेचे २.४ लिटरचे इंजिन बसवले. हीच बजाज टेम्पो २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. आता दराचा फरक पूर्वीसारखा राहिला नाही, तरी अशा गाड्या आहेत. काही शेतावर राबतात, काही हौशी पोरांनी पुन्हा उभ्या केल्यात.

पण इंजिन बदलले म्हणजे गाडी बदलली असे होत नाही. टाकी पेट्रोलची, नळी पेट्रोलची, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी कार्बोरेटरच्या मापाची, वायरिंग त्याच काळातले. पेट्रोलच्या इंजिनाला लागेल तेवढेच तेल पुढे जाई. डिझेलच्या इंजिनाला लागते त्याहून जास्त तेल पुढे जाते आणि उरलेले परत टाकीत येते. त्यासाठी परतीची वेगळी नळी लागते, आणि जुन्या टाकीला ती नसते. गडबड इथून सुरू होते.

बार्शीकरांना ही गोष्ट नवीन नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी अडीच फुटी बार्शी लाईट रेल्वे सुरू केली, तेव्हा त्यांनी नुसते इंजिन आणून रुळावर ठेवले नाही. रूळ हलके, म्हणून दर आसावर पाच टनांपुढे भार येऊ नये असे इंजिन आणि डबेही त्याच हिशोबाने घडवून घेतले. सगळे एकमेकांच्या मापाचे होते, म्हणून ती गाडी इतकी वर्षे चालली. आपल्या जीपचेही तसेच आहे.

आधी गचका ओळखा

फिटरकडे जाण्याआधी दोन दिवस गाडीकडे लक्ष द्या आणि वहीत लिहा. गचका कधी येतो? गार असताना की तापल्यावर? रिकामी असताना की भरल्यावर? टाकी भरलेली असताना की तळाला गेल्यावर? खड्ड्यात आदळली की, की सरळ रस्त्यावरही?

उभ्या गाडीत एकसारखे "फट्-फट्-फट्" मिसिंग ऐकू येत असेल तर एखादा सिलेंडर काम करत नाही. तिथे नोझल किंवा कॉम्प्रेशनचा संशय घ्यावा. उभी असताना ठीक आणि लोडवर दम सोडत असेल तर बहुतेक वेळा डिझेल पुरत नाही. खड्ड्यावरच बंद पडल्यासारखी होत असेल तर वायर, दांडी किंवा इंजिनाचे फाउंडेशन बघा.

धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, वारा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येते आहे. टायमिंग मागे, कॉम्प्रेशन कमी किंवा नोझल टपकते असा त्याचा अर्थ. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. आणि गचक्याच्या वेळी धूरच कमी होत असेल तर समजा, डिझेल पोचतच नाही.

एक खुलासा. पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत जाई. ट्रॅक्टरवरचे डिझेल इंजिन दोन हजारांच्या आसपासच्या फेऱ्यांसाठी बांधलेले असते. मागचा डिफरन्शियल जुनाच असेल तर गाडी थोडा वेग घेते तोच इंजिनाच्या फेऱ्या संपतात आणि गव्हर्नर डिझेल तोडतो. ड्रायव्हरला वाटते गाडीने गचका दिला. पण तो आजार नाही, गिअरचे गणित आहे. ठराविक वेगालाच आणि सपाट रस्त्यावरही असे होत असेल तर पंपाला हात लावू नका.

पहिली तपासणी : टाकीचे झाकण

टाकीतून डिझेल जाते तेवढा वारा आत यायला हवा. झाकणाचे छिद्र चिखलाने, धुळीने बुजले किंवा दुसऱ्याच गाडीचे बिनछिद्राचे झाकण बसवले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. गाडी गचके देऊ लागली की बाजूला घ्या आणि झाकण सैल करा. "फुस्स" असा आवाज होऊन वारा आत गेला आणि गाडी पुन्हा सुधारली, तर रोग सापडला. या तपासणीला एक पैसाही लागत नाही, तरी ती सगळ्यात शेवटी होते.

दुसरी तपासणी : कॅनची

एक स्वच्छ पाच लिटरचा कॅन घ्या. त्यात गाळलेले डिझेल भरा. टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडा आणि नवी नळी कॅनमधून थेट फीड पंपाला जोडा. परतीची नळीही कॅनमध्येच सोडा. नळीचे टोक डिझेलात बुडालेले राहील असे बघा. कॅन सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा. जवळपास विडी-काडी नको. नळीतला वारा काढून मग गाडी भरून त्याच चढावर न्या जिथे ती दम सोडते. पांगरीकडून येडशीच्या चढाला गाडी नेहमी थांबत असेल, तर तिथेच न्या.

गचका गेला, तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच आहे. इंजिन, पंप, नोझल सगळे निर्दोष. गचका राहिला, तर टाकी आणि मागची नळी सुटली, पुढे शोधा. एका तपासणीत अर्धी गाडी निकालात निघते.

मात्र कॅन कुठे ठेवता याला महत्त्व आहे. फीड पंपाच्या वर ठेवला तर डिझेल आपोआप उतरते आणि फीड पंप दुबळा असला तरी कळत नाही. म्हणून एकदा वर ठेवून बघा, एकदा पंपाच्या खाली ठेवून बघा. वर असताना ठीक आणि खाली ठेवल्यावर गचके, असे झाले तर फीड पंप ओढत नाही किंवा त्याच्यापाशीच हवा शिरते.

हवा कुठून शिरते?

इथे पुष्कळजण फसतात. "पाईप गळत नाही, म्हणजे पाईप चांगला." ही समजूत चूक आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर असते. तिला बारीक भोक असले तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो. तिथे भोक असले तर डिझेल ठिबकते आणि दिसते. म्हणजे जिथे ओल दिसते तिथे दोष छोटा, आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे मोठा, असेही होते.

फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी घाला आणि इंजिन रेस करून बघा. बुडबुडे सतत येत असतील तर मागे कुठेतरी हवा धरते आहे. रबरी नळीची टोके कडक होऊन चिरलेली असतात. पोकळ बोल्टाखालचे तांब्याचे वायसर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत, दर वेळी नवे घालावेत. फीड पंपाच्या हातपंपाची मूठ सैल असेल तर तिथूनही हवा शिरते. जुन्या तांब्याच्या नळीला चॅसीवर घासून भोक पडलेले असते, वर चिखल बसल्याने ते दिसत नाही.

परतीची नळी कुठे जोडली हेही बघा. जुन्या टाकीला जागा नाही म्हणून काही ठिकाणी परतीचे डिझेल टी लावून ओढीच्याच नळीत सोडतात. मग त्यातली हवा आणि गरम डिझेल पुन्हा पंपात जाते. परतीची नळी टाकीतच गेली पाहिजे, आणि ओढीच्या तोंडापासून लांब. शेजारीच सोडली तर फेस ओढला जातो. ओढीच्या नळीची जाडी किती असावी? इंजिन ज्या गाडीतून काढले त्या गाडीत होती तेवढी. जुन्या पेट्रोलच्या बारीक नळीवर भागवू नका.

टाकीतली कचराकुंडी

कॅनवर गाडी ठीक चालते आणि नळीही नवी, तरी टाकीवर गचके येत असतील तर टाकी उतरवा. ओढीच्या नळीच्या टोकाला जाळी असते. टाकी वर्षानुवर्षे रिकामी पडलेली असेल तर आत गंजाचे पापुद्रे असतात. इंजिन ओढायला लागले की पापुद्रा जाळीवर येऊन चिकटतो आणि गाडी दम सोडते. गाडी बंद केली की ओढ थांबते, पापुद्रा खाली पडतो आणि पाच मिनिटांनी गाडी पुन्हा चालू! "आपोआप नीट झाली" असे आपण म्हणतो. ती नीट झालेली नसते, पापुद्रा फक्त बाजूला झालेला असतो.

एक गोष्ट जीवावरची आहे, म्हणून बजावून सांगतो. पेट्रोलच्या जुन्या टाकीला वेल्डिंग किंवा डाग द्यायचा प्रयत्न घरी, बांधावर, ओळखीच्या पोराकडून अजिबात करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची, कारण आत वाफ असते. ठिणगी पडली की स्फोट होतो. टाकी फार गेली असेल तर बदललेली बरी.

शेतावर बॅरलमध्ये डिझेल ठेवत असाल तर तळाचे ओढू नका, तिथे पाणी आणि गाळ बसतो. रात्री गारवा पडला की अर्ध्या रिकाम्या टाकीतही पाणी साचते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू अधूनमधून सोडून पाणी काढा. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात डिझेल साठवू नका.

दांडी, वायर आणि वारा

कॅन लावूनही गचका राहिला तर पंप खोलण्याआधी तीन गोष्टी बघा.

एक, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी. कुणालातरी पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का बघा. इंजिनाचे रबर फाउंडेशन सैल असेल तर लोड आल्यावर इंजिन एका बाजूला कलते आणि दांडी ओढली किंवा ढिली पडते. इंजिन बंद करायची वायरही अशीच ताणली जाते. चढावर इंजिन कलले की ती वायर स्वतःच डिझेल थोडे बंद करते. वायर तात्पुरती सोडून, इंजिन हाताने बंद करता येईल याची खात्री करून गाडी चालवून बघा.

दोन, वायरिंग. रोटरी पंपाला डिझेल चालू-बंद करणारे विजेचे सोलेनॉइड असते. जुन्या किल्लीच्या स्विचमधून त्याला पुरेसा करंट मिळत नसेल तर खड्ड्यात गाडी तुटते. बॅटरीवरून एक वायर थेट त्याला देऊन बघा. अलीकडच्या कॉम्प्युटरवाल्या इंजिनात तर अर्थिंग हाच मोठा गुन्हेगार. सेल्फ मारताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची पट्टी बदला.

तीन, वारा. एअर फिल्टर बुजला किंवा त्याची नळी मऊ पडून ओढीने चपटी झाली तर काळा धूर आणि गचका. काही जुन्या पंपांना वाऱ्याच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. त्यात पातळ पडदा असतो आणि इंजिनाकडून एक बारीक नळी येते. पडदा चिरला किंवा ती नळी ढिली झाली तर इंजिन उभ्यानेच वर-खाली होत राहते.

मग नोझल, शेवटी पंप

आता नोझल. इंजिन हळू चालू ठेवा आणि पंपाकडून येणाऱ्या एकेका नळीचा नट नोझलपाशी थोडा सैल करा. आवाज बदलला तर तो सिलेंडर काम करतो. फरक पडला नाही तर तोच आळशी. नटावर कापड टाका आणि हात लांब ठेवा. नोझलमधून डिझेल शंभर ते अडीचशे बार दाबाने सुटते. तो फवारा कातडी फोडून आत जातो. दिसायला टाचणीएवढी जखम असली तरी तडक दवाखाना गाठावा.

आळशी सिलेंडरचे नोझल शेजारच्याला लावून बघा. आजार नोझलबरोबर गेला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर वॉल्व्ह, रिंग, हेड गॅस्केट. आणि पांढरा धूर, ठोके किंवा सुरू व्हायला त्रास असेल तर पंप बसवताना टायमिंगची खूण जुळली होती का ते तपासा. एवढे सगळे झाल्यावरच पंप खोलावा, आणि तोही परीक्षण यंत्र असलेल्या दुकानात.

कागदाचाही गचका नको

ग्रामसेवक, सरपंच मंडळींनी हे जरूर ध्यानात घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत कळवून नोंदणीपुस्तक सादर करावे लागते. उत्पादकाने दिलेल्या मूळ घडणीला धरून नसलेला बदल चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून अशी गाडी विकत घेताना किंवा ग्रामपंचायतीच्या कामाला भाड्याने लावताना ब्लॉकवरचा इंजिन नंबर आणि पुस्तकातला नंबर स्वतः ताडून बघा. पुस्तकात पेट्रोल आणि पोटात डिझेल असेल तर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवणार. डिझेलचे इंजिन जड असते, तेव्हा पुढचे पाटे आणि ब्रेकही तपासून घ्यावेत.

फिटरकडे जाताना "गाडी गचके देते, बघा जरा" एवढेच सांगू नका. वहीचे पान त्याच्या हातात द्या : गचका कधी येतो, धूर कोणता, झाकण सैल केल्यावर काय झाले, कॅनवर काय झाले, पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले का. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर त्याच चढावर गाडी चालवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी नीट होईलही, पण कशाने झाली ते कळणार नाही, आणि पुढच्या सुगीत तोच गचका आला की पुन्हा पहिल्यापासून खर्च.